तेल लावून चढलेली मूठ

आमच्या भागात चारच सायकली होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्यातली एक भिकोबा कासाराची. काचेच्या बांगड्यांची पेटी मागे बांधून तो गावोगाव फिरायचा.

एकदा त्याने हँडलला दोन नव्या रबरी मुठी बसवल्या. डावी पाण्याने ओली करून, पिळे देत देत चढवली आणि उन्हात वाळू दिली. उजवीच्या वेळी आळस केला. आतून तेल चोपडलं, ती झटकन गेली.

"किती कण्हलीस गं!" उजवी डावीला हसली. "मी बघ, कशी राणीसारखी आले."

हँडल भडकलं. "मूर्ख! पाणी वाळतं, तेल वाळत नाही. उतर, कोरडी हो आणि परत चढ."

"आजोबा, तुम्ही आपला गंज सांभाळा."

दुसऱ्या दिवशी लग्नघरी बांगड्या नेताना उतारावर खड्डा आला. भिकोबाने हँडल जोरात ओढलं आणि उजवी मूठ सटकन निघाली. सायकल आडवी झाली. नवरीच्या हिरव्या बांगड्यांचा रस्त्यावर चुरा झाला.

मूठ अजून भिकोबाच्या हातातच होती. ती रडत म्हणाली, "मी धन्याचा हात सोडला नाही!"

"धन्याचा नाही सोडलास," हँडल गरजलं. "पण मला कधी धरलं होतंस?"