शके १७९०ची पटाशी

आमच्या गावात देवाच्या रथाची दुरुस्ती निघाली की पहिला घाव मेस्त्र्यांच्या घरचा, हा मान पिढ्यान् पिढ्यांचा. एका वर्षी वखारवाले त्रिंबकराव पांचाळ भर बैठकीत उभे राहिले. "रथ माझ्या पणजोबांनी घडवला. मान आमचा!"

पुरावा म्हणून त्यांनी मखमलीतून लाकूड तासायची एक पटाशी काढली. पात्यावर मुठीजवळ ठसा होता, शके १७९०. रथही त्याच सालचा. "पणजोबांनी जन्मभर हिच्याशिवाय दुसरी पटाशी हातात धरली नाही," त्रिंबकराव गरजले. पंचांनी माना डोलावल्या. देवळाचं नवं छप्पर त्रिंबकरावांच्याच देणगीतलं होतं ना!

मेस्त्र्यांच्या घरात सत्तरीच्या यमुनाक्काच तेवढ्या उरल्या होत्या, पण त्या अजून स्वतः रंधा मारायच्या. त्यांनी ते वीतभर पातं निरखलं आणि पिशवीतून आपली पटाशी काढून शेजारी ठेवली. ठसा तोच, पातं मात्र जेमतेम दोन बोटं.

"ही माझ्या आजेसासऱ्यांची. रोज धार लावायची, रोज पातं झिजायचं. त्यांच्या एकट्याच्या हयातीत एवढी उरली. तुमची अजून कोरी करकरीत! त्रिंबकराव, ठशातलं साल खरं असेल, तर पणजोबांनी कामच केलं नाही. आणि त्यांनी काम केलं असेल, तर साल खोटं. पंचांनी यातलं काय लिहून घ्यायचं, ते तुम्हीच सांगा."

पणजोबांना आळशी म्हणवेना, स्वतःला खोटं म्हणवेना. त्रिंबकरावांनी पटाशी मखमलीत गुंडाळली.

पहिला घाव यमुनाक्कांनी घातला, त्याच दोन बोटांच्या पटाशीनं.