सहीचं पुस्तक

फार मागची गोष्ट, तेव्हा वस्तूही बोलायच्या. धुंडिराजपंतांच्या काचेच्या कपाटात एका नामांकित कादंबरीकाराचं, पहिल्या आवृत्तीचं, सही केलेलं पुस्तक होतं. तेव्हा पुस्तकांची पानं कडेला जोडलेली यायची बरं का, वाचणाऱ्यानं ती सुरीनं कापून घ्यायची. किंमत उतरेल म्हणून पंतांनी एकही पान कापलं नव्हतं.

त्याच कादंबरीची फाटकी प्रत स्वयंपाकीणबाईंनी फडताळात ठेवलेली असे.

"शी! अंगभर हळदीचे डाग," सहीचं पुस्तक म्हणालं.

"असू देत, दादा. पण आपल्या गोष्टीतली सून शेवटी घरी परतते का, सांग बघू?"

सहीच्या पुस्तकाला सांगता येईना. आपल्या पोटात काय आहे, ते त्यानंही कधी पाहिलं नव्हतं.

"मला सही आहे!" ते गुरकावलं.

पुढे कपाटाला वाळवी लागली. पंत धावत आले. पुस्तकाला वाटलं, आले माझे धनी! पंतांनी सहीचं पान तेवढं अलगद काढून घेतलं आणि उरलेलं पुस्तक आंघोळीच्या बंबात घातलं.

जाळानं त्याची पानं पहिल्यांदाच सुटी झाली. फडताळातून फाटकी प्रत ओरडली, "दादा, परतते रे ती!"

पंत सहीला चौकट करत होते. ती परतते, हे त्यांना अजून ठाऊक नाही.