मापट्यातलं शेवटचं तेल

एका गावात कोंडाजी नावाचा एक तेली होता. त्याच्या घाण्याचं तेल अस्सल, जीभ गोड. एकच खोड, त्याला भारी घाई. त्या गावची रीत अशी, की तेल ओतून झालं तरी मापटं गिऱ्हाइकाच्या बुधलीवर उपडं धरायचं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायचं. कोंडाजी कुठला थांबतोय! बुधली भरली की तो मापटं चटकन आपल्याच बरणीवर पालथं घाली. राहिलेलं तेल बरणीत निथळे.

"दोन थेंबांनी कुणाचं घर बुडतं?" असं तो आपल्या बायकोला, म्हणजे तानूला, वर ऐकवी.

वर्षभरात बरणी काठोकाठ भरली. एका संध्याकाळी कोंडाजीनं त्यातलं तेल घालून घरात दिवा लावला. तोच भिंतीवर एक सावली उभी राहिली. वाकलेली बाई, हातातली बुधली पुढे केलेली. मग दुसरी, तिसरी. घरात तर नवराबायकोशिवाय कुणीच नव्हतं. कोंडाजीनं घाबरून दिवा फुंकला. सावल्या गेल्या नाहीत. त्या अंधाराहून काळ्या दिसत होत्या.

सकाळी उन्हातही त्या तशाच उभ्या होत्या. तानू दारातूनच म्हणाली, "अहो, या बाया आपलं मागायला आल्यात. त्यांचं देऊन टाका. त्या जाईपर्यंत मी या घरात पाऊल ठेवायची नाही." आणि ती भावाकडे निघून गेली.

कोंडाजीची पाचावर धारण बसली. बरणी उचलून तो दारोदार फिरला. प्रत्येक बुधलीत त्यानं तेल ओतलं आणि मापटं उपडं धरून थांबला. हात भरून आला तरी थांबला. घरी येऊन पाहतो तो सावल्या गेलेल्या.

एक मात्र राहिली होती. ती ठकूआजीची. एकटी म्हातारी, श्रावणात वारलेली, मागे कुणी नाही. कोंडाजीनं भिंतीवरच्या तिच्या बुधलीवर मापटं रिकामं केलं. तेल भिंतीवरून ओघळलं आणि जमिनीत जिरलं.

"ठकूआजी, घे गं! माझ्या तानूला घरी येऊ दे!" तो ढसाढसा रडला.

सावलीनं हात मागे घेतला नाही. तानू परत आली नाही.

तात्पर्य: ज्याचं त्याला द्यायचं ते तो माणूस आहे तोवरच देता येतं, मागाहून घडाभर ओतलं तरी ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.