लालीचं फ्लायव्हील

गाड्या अजून आपसात बोलायच्या, त्या काळी साताऱ्यात लाली नावाची एक चपळ गाडी होती. तिचा क्लच झिजला, तशी मालकीण हेमांगी तिला गॅरेजात घेऊन आली. फळीवर क्लचचे दोन जोड होते आणि प्रत्येकासोबत इंजिनाची गती सांभाळणारं फ्लायव्हील.

"मला घे," हलकं फ्लायव्हील म्हणालं. "पाय पडताच उसळशील!"

"आणि हळू जायची वेळ आली तर?" जड फ्लायव्हीलनं विचारलं.

"हळू जायला मी काय बैलगाडी आहे?" लाली फणकारली. हेमांगीलाही हलकंच आवडलं.

मोकळ्या रस्त्यावर लाली वाऱ्यासारखी सुटली. पण घाटाच्या चढावर पुढे उसाचा ट्रॅक्टर आला. वेग उतरला आणि इंजिन बंद पडलं. लाली मागे घरंगळू लागली. मागे शाळेची बस होती.

"अरे, सावर मला!" लाली किंचाळली.

"मला नुसतं पळता येतं गं," हलकं फ्लायव्हील रडकुंडीला आलं.

हेमांगीनं जीव खाऊन हँडब्रेक ओढला. लाली बसला टेकता टेकता थांबली.

हलकं फ्लायव्हील मग शर्यतीच्या गाडीत गेलं. तिथे कुणालाच हळू जायचं नव्हतं, त्यामुळे तेही सुखी झालं. लालीत जड फ्लायव्हील बसलं.

पुढच्या खेपेला घाटात गाड्यांची रांग लागली होती. लाली थांबत, निघत, शांतपणे चढत राहिली.

"कंटाळलीस का गं?" जड फ्लायव्हीलनं विचारलं.

"छे," लाली म्हणाली. "आज पहिल्यांदा दरी बघितली. किती हिरवी आहे!"