ठमी चिचुंद्री आणि दारातला दगड

ओढ्याकाठी होतं एक टेकाड. टेकाडाच्या पोटात बिळंच बिळं. सगळ्यात वरच्या बिळात राहायचा साळिंदरशेठ. अंगभर काटे. चालला की सळ सळ सळ!

"हे टेकाड माझं!" शेठ म्हणायचा.
का बरं? तर म्हणे, त्याच्या पणजोबांनी तिथे एकदा डुलकी काढली होती!

सगळ्यात खालच्या बिळात राहायची ठमी चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक. तिला चार पिल्लं. नखाएवढी! ठमी दर आठवड्याला शेठला भाडं द्यायची. एक बोर.

एकदा शेठ आला. सळ सळ सळ!
"ठमे, आता तीन बोरं. एक बिळाचं, एक वाऱ्याचं, एक सावलीचं."
"अहो शेठ, वारा तर फुकट येतो!"
"येतो फुकट. पण येतो माझ्या टेकाडावरून!"
"एकच देईन," ठमी म्हणाली.
"बघतोच!" शेठ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ठमी पिल्लांना घेऊन ओढ्यावर गेली आंघोळीला. परत येते तर काय? दारात दगड! हा एवढा मोठा!

ठमीनं दगड ढकलला. हुश्श! हलला? नाही.
पुन्हा ढकलला. हुश्श! हलला? छे!
पिल्लं ओरडली, "चुंई चुंई! आई, घर उघड!"
वर आकाशात आली घार. गर गर, गर गर.

ठमी रडली का? मुळीच नाही. तिनं नाक पुसलं.
"इथेच बसायचं," ती म्हणाली. "दगड निघेपर्यंत उठायचं नाही. बोर द्यायचं नाही. पण मी एकटी बसले तर शेठ हसेल. सगळ्यांना बोलावते."

ठमी निघाली. पहिल्या पिल्लानं आईची शेपटी धरली. दुसऱ्यानं पहिल्याची. तिसऱ्यानं दुसऱ्याची. चौथ्यानं तिसऱ्याची.
तुरु तुरु, तुरु तुरु. आली खेकड्याच्या बिळापाशी.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ!
दारात दगड, डोक्यावर घार,
बिळाबाहेर पिल्लं चार.
तुम्ही बसाल का?"

"शेठ माझ्याकडूनही जास्तीचं बोर घेतो," खेकडा म्हणाला. "आडवं चालायचं बोर! पण मी एकटा? नको गं बाई! सरडा बसला, तर मी बसेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. आली सरड्याच्या बिळापाशी.

"सरडेराव, सरडेराव!
दारात दगड, डोक्यावर घार,
बिळाबाहेर पिल्लं चार.
खेकडा एकटा बसत नाही.
तुम्ही बसाल का?"

सरड्यानं मान हलवली. हो हो हो! पिल्लं खूश झाली. पण सरड्याची मान तर नेहमीच हलते!
"शेठ माझ्याकडूनही जास्तीचं बोर घेतो," सरडा म्हणाला. "ऊन खायचं बोर! पण मी एकटा? नको गं बाई! रातकिडा बसला, तर मी बसेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. घार आली जरा खाली. ठमी आली रातकिड्याच्या बिळापाशी.

"रातकिडेबुवा, रातकिडेबुवा!
दारात दगड, डोक्यावर घार,
बिळाबाहेर पिल्लं चार.
खेकडा एकटा बसत नाही.
सरडा एकटा बसत नाही.
तुम्ही बसाल का?"

"किर्रर्र! शेठ माझ्याकडूनही जास्तीचं बोर घेतो," रातकिडा म्हणाला. "गाण्याचं बोर! आणि वर म्हणतो, सूर चुकलास! पण मी एकटा? नको गं बाई! कासवआजोबा बसले, तर मी बसेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. घार आली आणखी खाली. ठमी आली कासवआजोबांपाशी.

"कासवआजोबा, कासवआजोबा!
दारात दगड, डोक्यावर घार,
बिळाबाहेर पिल्लं चार.
खेकडा एकटा बसत नाही.
सरडा एकटा बसत नाही.
रातकिडा एकटा बसत नाही.
तुम्ही बसाल का?"

कासवआजोबांनी मान बाहेर काढली. हळू... हळू...
"माझं घर माझ्या पाठीवर. तरी शेठ बोर घेतो! म्हणे, उभं राहायचं बोर! पण पोरी, मी एकटा? नको गं बाई! पहिलं कुणीतरी बसलं, तर मी बसेन."

"पहिलं कुणीतरी?" ठमीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मागे पाहिलं. मागे होती फक्त चार पिल्लं.
ठमीनं नाक वर केलं.
"मग पहिली मी!"

तुरु तुरु, तुरु तुरु! ठमी धावली दगडापाशी आणि बसली. ठाण मांडून बसली! पिल्लांना घेतलं पोटाशी.
घार आली खाली. आणखी खाली. अगदी खाली!

ठमी बसली, म्हणून कासवआजोबा निघाले. एक पाऊल... दुसरं पाऊल... आजोबा, लवकर!
टप्प! बसले आजोबा. पिल्लं शिरली त्यांच्या पोटाखाली.
घारीनं मारली चोच. टण्ण! बसली आजोबांच्या पाठीवर! चोच झाली वाकडी. घार गेली पळून. अजून म्हणे वाकडंच जेवते!

कासवआजोबा बसले, म्हणून रातकिडा बसला. किर्र!
रातकिडा बसला, म्हणून सरडा बसला. हो हो हो!
सरडा बसला, म्हणून खेकडा बसला. कट कट! तोही आडवाच.

दुपार झाली. शेठला लागली भूक. सळ सळ सळ! आला खाली.
"उठा! बोरं द्या!"
"आधी दगड काढा!" सगळे म्हणाले.

शेठ जवळ सरकला. खेकड्याशी कुजबुजला, "अरे, सरडा उठला बरं का. तूच वेडा बसलायस."
खेकड्यानं पाहिलं. सरडा शेजारीच!
शेठ सरड्याशी कुजबुजला, "अरे, रातकिडा उठला बरं का."
सरड्यानं पाहिलं. रातकिडा शेजारीच!
शेठ रातकिड्याशी कुजबुजला, "अरे, कासव उठलं बरं का."
रातकिडा हसला. "आजोबा? त्यांना बसायलाच किती वेळ लागला! उठणार कधी?"
शेठ ठमीकडे वळला. "ठमे, हे सगळे जातील. तू एकटी उरशील!"
"बघा बरं मोजून," ठमी म्हणाली. "कोण आहे इथे एकटं?"

शेठनं मोजलं. एकटा होता फक्त शेठ.

तेवढ्यात शेठचं पोट बोललं. गुडगुड गुडूम!
स्वतः बोरं वेचायची सवय नाही. कमरेत वाकलं की काटे टोचायचे!
"बरं, बरं! काढतो!"
शेठनं दगड लोटला. लोट लोट लोट! गडगड गडगड... डुबुक! गेला ओढ्यात.

"आता द्या वाऱ्याचं बोर!"
"नाही!"
"सावलीचं बोर?"
"नाही!"
"आडवं चालायचं? ऊन खायचं? गाण्याचं? उभं राहायचं?"
"नाही, नाही, नाही, नाही!"
"मग बिळाचं?"
"ते देऊ. एकच. आजोबांचं तेही नाही. त्यांचं घर त्यांचं!"

शेठ गुरगुरला. "आणि मी पुन्हा दगड ठेवला तर?"

सगळ्यांनी ठमीकडे पाहिलं.
"तर आम्ही पुन्हा बसू," ठमी म्हणाली. "आता पहिलं कोण, ते ठरवायला नको. सगळेच पहिले!"

शेठनं एकेक बोर घेतलं. सळ सळ सळ! गेला वर.

ठमी गेली आत. पिल्लं गेली आत. तुरु तुरु, तुरु तुरु.
दगड राहिला ओढ्यात, घर राहिलं ठमीचं, आणि गोष्ट राहिली तुमच्या कानात!