धाकटीचा पहारा

ओढ्याकाठच्या एका जंगलात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. मुलांनो, नाव सातभाई असले तरी हे पक्षी नेहमी सातच नसतात, आणि सगळे भाऊही नसतात. या थव्यात नऊ जण होते. त्यांत एक आत्या होती, आणि तिच्यापुढे कोणाचेच काही चालत नसे. हे मातकट रंगाचे पक्षी दिवसभर जमिनीवरची वाळकी पाने उलटून किडे शोधत. खाली मान घालून खाणाऱ्याला वरचे दिसत नाही, म्हणून त्यांनी एक रीत ठेवली होती. आठ जण खात, तेव्हा नववा उंच फांदीवर उपाशी बसून पहारा देई. शिक्रा नावाचा शिकारी पक्षी दिसला की पहारेकऱ्याने ओरडायचे आणि बाकीच्यांनी करवंदीच्या जाळीत शिरायचे. पहारा सगळ्यांनी पाळीपाळीने द्यायचा. ज्याला तो जमणार नाही, त्याला थव्यात जागा नाही.

थव्यातला सर्वांत थोरला पक्षी उत्तम पहारेकरी होता. त्याची लेक, धाकटी, त्या वर्षी पहिल्यांदाच पहाऱ्याला बसू लागली होती. पण पान गळले की ती ओरडे. फुलपाखरू आले की ओरडे. एकदा तर ती स्वतःच्या सावलीला पाहून ओरडली. दर वेळी बाकीचे आठ जण चोचीतला किडा टाकून काट्यांत उड्या घेत.

"आज सकाळपासून अकरा वेळा," आत्या पंखांतले काटे काढत म्हणाली. "दादा, तुझी लेक आपल्याला शिक्र्यापासून वाचवेल, पण उपाशी मारेल."

"लहान आहे गं ती."

"तिच्या वयाचा होतास तेव्हा तू सापाला हुसकावलं होतंस. बघ बाबा, यापुढे ती ओरडली तर मी काही जागची हलायची नाही. बाकीचेही हलणार नाहीत. मग खरा शिक्रा आला की काय होईल, ते तूच सांग."

थव्याने ठरवले, पळसाची फुले गळून जाईपर्यंत वाट पाहायची. तोवर धाकटी सुधारली नाही, तर तिने आपली वेगळी वाट धरायची. एकट्या सातभाईला जंगलात चार दिवस काढणेही कठीण, हे सगळ्यांना ठाऊक होते. बापाची अन्नावरची वासनाच उडाली.

"मी तिला पान उलटायला शिकवलं, ते ती एका दिवसात शिकली," तो आत्याला म्हणाला. "विंचवाची नांगी मोडायला शिकवलं, तेही शिकली. मग धीटपणाच का शिकवता येत नाही मला? तो माझ्यात आहे असं सगळे म्हणतात. असेल, तर तिला देता का येत नाही?"

आत्याला याचे उत्तर सुचले नाही. म्हणून ती त्याच्यावर थोडी रागावली.

शेवटी बाप धाकटीला घेऊन पिंगळ्याकडे गेला. पिंगळा हे एक छोटे, वाटोळ्या डोळ्यांचे घुबड. तो अर्जुन वृक्षाच्या ढोलीत राहत असे आणि बोलताना सारखी मान खालीवर करत असे.

"योग्य ठिकाणी आलात," पिंगळा म्हणाला. "माझे पूर्वज ग्रीस देशात ऑलिव्हच्या झाडांवर राहत. खाली चौकात मोठमोठे विद्वान जमत आणि वाद घालत, की सद्गुण शिकवता येतो का."

"मग काय ठरलं?" बापाने अधीर होऊन विचारले.

"वाद दिवसा चाले. पणजोबांना दिवसा झोप येई."

"म्हणजे निकाल ऐकलाच नाही," मागून आलेली आत्या म्हणाली.

"बाई, माझ्या मते येतो शिकवता. फक्त आधी व्याख्या पक्की हवी." मग पिंगळा धाकटीकडे वळला. "सांग बरं, भित्रा पक्षी काय करतो?"

"ओरडतो," धाकटी खाली मान घालून म्हणाली.

"आणि धीट पक्षी भित्र्याच्या अगदी उलट असतो, हे मान्य?"

"हो, गुरुजी."

"मग धीट पक्षी काय करेल?"

"ओरडणार नाही?"

"शाब्बास. धीट तो, जो घाबरत नाही. जो घाबरत नाही, तो ओरडत नाही. पाठ कर."

खरे सांगायचे, तर मी तिथे असतो तर मलाही हे पटले असते. यात कुठे चूक आहे, हे चटकन दिसत नाही. धाकटीने धडा येता-जाता म्हटला, अंघोळ करताना म्हटला, आणि तो तिला इतका पाठ झाला की दुसऱ्या दिवशी ती पहाऱ्यावर बसली, तेव्हा समोरून तीन पाने आणि एक मोठे फळ पडले तरी तिने चोच उघडली नाही. खाली आठ जणांनी पोटभर खाल्ले. आत्याने तर एका जागी बसून सहा किडे खाल्ले आणि सातवा नुसता बघून सोडून दिला.

"दादा, तुझा पिंगळा शहाणा निघाला," ती म्हणाली. बाप आनंदाने दुप्पट फुगला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी पहाऱ्यावर असताना समोरच्या ऐनाच्या झाडात काहीतरी हलले. पानांच्या आड पिवळसर डोळे होते आणि छातीवर तांबूस पट्टे होते. तो शिक्रा होता, आणि तो धाकटीकडे पाहत नव्हता. तो खाली पाहत होता, जिथे तिचा बाप एका ओंडक्याखाली डोके खुपसून अळी ओढत होता. धाकटीने फांदी नखांत आवळली. 'धीट तो, जो घाबरत नाही,' ती मनात म्हणू लागली. 'जो घाबरत नाही, तो ओरडत नाही.' तिने चोच घट्ट मिटली. शिक्र्याने पंख सैल केले. धाकटी पुन्हा म्हणाली, 'धीट तो...' आणि पुढचे तिला आठवेना. तिला एवढेच दिसत होते, की बाबांचे डोके ओंडक्याखाली आहे.

ती ओरडली. साऱ्या आयुष्यात ओरडली नव्हती इतक्या मोठ्याने ओरडली.

सात जण जाळीत शिरले. 'जागची हलणार नाही' म्हणणारी आत्या सर्वांत आधी शिरली. बापाला मात्र डोके बाहेर काढायला उशीर झाला, आणि शिक्र्याने त्याची पाठ पंजात पकडली. तेवढ्यात धाकटी वरून सुटली आणि थेट शिक्र्याच्या मानेवर आदळली. ती चोच मारत होती, पंख आपटत होती, आणि ओरडणे थांबवत नव्हती. ते पाहून जाळीतले सातही जण बाहेर आले आणि सगळ्या बाजूंनी शिक्र्याला टोचू लागले. एवढा कल्ला जंगलात कधी झाला नव्हता. ओढ्यावरची माकडे पाणी प्यायची थांबली.

"अरे, जेवायचं तर निवांतपणे जेवावं माणसानं," शिक्रा वैतागून म्हणाला. तो माणूस नव्हता, पण रागात असे होते. बापाला सोडून तो टेकडीपलीकडे निघून गेला. बापाची चार पिसे गेली, बाकी तो धडधाकट होता.

मग काय, सगळे एका फांदीवर एकमेकांना चिकटून बसले आणि धाकटीची पिसे नीट करू लागले. कल्ला ऐकून पिंगळाही आला.

"बघा," तो मान हलवत म्हणाला, "धडा उपयोगी पडला की नाही?"

"नाही गुरुजी," धाकटी म्हणाली. "तो मी मोडला. मी खूप घाबरले होते."

"घाबरली होतीस आणि तरी शिक्र्यावर गेलीस?"

"हो."

"दोन्ही एकाच वेळी?" पिंगळ्याची मान हलायची थांबली. "असं कसं होईल? मग हे तुला शिकवलं कोणी?"

"मी तर नाही," बाप म्हणाला. "मी ओंडक्याखाली होतो."

"मीही नाही," आत्या म्हणाली. "मी नुसती बोलत होते तिला. चुकलंच माझं." आत्याने चूक कबूल केल्याचे थव्यात कोणाला आठवत नव्हते. सगळे इतके हसले, की एक जण फांदीवरून घसरला.

पळसाची फुले गळाली, पण धाकटीच्या जागेबद्दल पुन्हा कोणी काही बोलले नाही. ती अजूनही दिवसातून दोन-तीनदा उगाच ओरडे. थवा कुरकुरत जाळीत शिरे आणि कुरकुरत बाहेर येई. पिंगळा मात्र आता झोप मोडून रोज तिच्या फांदीवर येऊन बसू लागला.

"मला एवढंच सांग," तो विचारी, "ते तुझ्यात आधीपासून होतं, की त्या क्षणी आलं? आणि आलं, तर कुठून?"

"गुरुजी," धाकटी एके दिवशी म्हणाली, "थोडं गप्प बसता? मला बघू दे."

पिंगळा गप्प बसला. आणि ती जिकडे पाहत होती, तिकडे तोही पाहू लागला.

तात्पर्य काढायचेच तर : चांगल्या गुणाची व्याख्या पाठ केल्याने तो अंगी येत नाही, जिवाभावाच्या कोणासाठी तो वापरावा लागतो, तेव्हा तो येतो. तोवर तो कुठे असतो, हे मला अजून कळलेले नाही. तुम्हांला कळले, तर जरूर सांगा.