धूर आला नि गेला

“पण बुवा, दोन्ही एकाच वेळी करायचं कसं?”

शर्वाणीनं हे चौथ्यांदा विचारलं. म्हणून फुटाणेबुवांनी चौथ्यांदा तिच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले. टेकडीवरच्या त्या मठात लांबलचक प्रश्नाला हाच प्रसाद. तोंड भरलं की माणूस गप्प बसतो, असा बुवांचा अभ्यास. शाळेत ते तिसरीपर्यंतच गेले, पण मास्तरांनाही त्यांनी असंच गप्प केलं होतं म्हणतात.

शर्वाणी चावता चावताच बोलत राहिली. लेखिका ती, थांबते कशाला?

स्वतः लिहायचं, स्वतः छापून घ्यायचं, स्वतःच विकायचं. प्रकाशक-बिकाशक कुणी नाही. कादंबरी छापखान्यात द्यायला अकरा दिवस उरलेले आणि सातवं प्रकरण अडलेलं. मोबाइलवर रोज काही टाकलं नाही तर लोक विसरतात. टाकत बसलं तर लिहायचं राहतं.

“लोक किती?” बुवांनी विचारलं.

“अकरा हजार.”

“अगं बाई! आमच्या जत्रेला एवढे नसतात. आणि सगळे तुझ्यासाठी थांबलेत?”

“थांबलेत असं नाही... बघतात नि पुढं जातात.”

तेवढ्यात फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि कापला.

“कोण गं?”

“आमचे आप्पा. रोज एकच विचारतात, वरात नदीपार गेली का? कादंबरीतली हो. सहा प्रकरणं मी त्यांना फोनवर वाचून दाखवली. सातव्यात वरात नदीकाठी येते, पाणी चढतं... दोन महिने तिथंच बसलीय.”

“नवरदेवासकट?”

“घोड्यासकट.”

आप्पांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलं होतं. आता ते अंथरुणाला खिळलेले, आणि डॉक्टरांनी पुढच्या महिन्यांबद्दल बोलणंच सोडलेलं. हे मात्र शर्वाणीनं सांगितलं नाही. फुटाण्यांबरोबर गिळून टाकलं.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “मठाची रीत ठाऊक आहे ना? प्रश्न आणणाऱ्यानं दुपारची खिचडी रांधायची. जेवणाची घंटाही त्यानंच वाजवायची.”

चूल खाली अंगणात. घंटा वर देवळाच्या ओट्यावर, मध्ये पन्नास पायऱ्या. असं अडनिडं कुणी बांधलं? बुवांनीच. का बांधलं विचारलं की हसतात.

शर्वाणीनं पातेलं चढवलं, चूल पेटवली आणि हिशेबी डोकं चालवलं. लोकांना टेकडी चढायला वेळ लागणार, तेव्हा आधीच कळवलेलं बरं. धावत वर गेली, घंटा वाजवली. खाली आली तर चूल विझलेली.

फुंकली. पेटली. धूर मोठा सुरेख दिसत होता, म्हणून त्याचा फोटो काढला. फोटोखाली चार ओळी लिहिल्या. तिसरी ओळ जमेना, ती खोडून पुन्हा लिहिली. चूल विझली.

पुन्हा फुंकली, पुन्हा वर पळाली, पुन्हा घंटा. या वेळी जरा जोरात.

खालच्या रस्त्यावरून एक टेंपोवाला धापा टाकत वर आला. “घंटा ऐकली. म्हटलं, गरम काहीतरी मिळेल.”

त्यानं झाकण उचललं. तांदूळ तळाशी, डाळ पाण्यावर, दोघांची अजून ओळखही नव्हती.

“बसा ना दादा, होईलच आता...”

“राहू द्या ताई. माल पोचवायचाय.”

तो उतरून गेला. खाली टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब लांब जात विरला.

बुवा तुळशीपाशी डोळे मिटून बसले होते. म्हणजे एक मिटला होता.

मग काठी टेकत ठकूबाई आली. खालच्या वस्तीवरची म्हातारी, स्वतःचं ताट पदराखाली घेऊन. शर्वाणीला हायसं वाटलं.

“आजी, घंटा ऐकून आलात ना?”

“आँ?”

“घंटा! घंटा!”

ठकूबाईनं बुवांकडं बघितलं. ही पोरगी तोंड का वासतेय, असं तिच्या नजरेत होतं. बुवांनी आपल्या कानाला बोट लावलं आणि पंजा हलवला. दहा वर्षं झाली, तोफ उडाली तरी हिला कळायचं नाही.

“मग त्यांना समजतं कसं?”

बुवांनी खुणेनंच म्हातारीला विचारलं. तिनं काठी चुलीवरच्या आभाळाकडं केली.

“धूर बघून येते की! रोज येते. आज मेला धूर आला नि गेला, आला नि गेला. म्हटलं, चुलीपुढं बसलंय तरी कोण आज?”



शर्वाणीनं मोबाइल पिशवीत टाकला, पदर खोचला आणि चुलीपुढं मांडी घातली. डोळ्यांतून पाणी आलं. धुराचंच असावं. लाकूड मागं ओढायचं, पुढं सारायचं, फुंकायचं, थांबायचं. हळूहळू धूर सरळ वर चढला. डाळ-तांदळाची ओळख झाली, मग गट्टीही जमली. वस्तीवरून आणखी चौघं आली. बोलावलं कुणी नव्हतं.

“आता वाजव,” बुवा म्हणाले.

“आता? आता तर सगळे आलेत.”

“रस्त्यावरचे कुठं आलेत?”

ती पन्नास पायऱ्या चढली. एकदाच वाजवली. वरून रस्ता दिसत होता, पार वळणापर्यंत. रिकामा. ती बराच वेळ बघत राहिली.

खाली येऊन म्हणाली, “तो टेंपोवाला परत येईल का हो कधी?”

बुवांनी एका ताटात खिचडी वाढली, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि चुलीच्या उबेला सरकवून ठेवलं.

“बुवा... म्हणजे ते मोबाइलचं सगळं मी बंद करू?”

“मी कुठं म्हटलं? घंटेला काय झालंय माझ्या? अस्सल पितळेची आहे.”

तिनं नकळत हात पुढं केला. बुवांनी रिकामी मूठ उघडून दाखवली. फुटाणे संपले होते.

पिशवीत फोन वाजू लागला. शर्वाणीनं काढून बघितला. आप्पा. फोन कापायच्या खुणेवर अंगठा जाऊन थांबला.

ठकूबाईचं निम्मं ताट झालं होतं. शर्वाणीचं आत्ताच वाढलेलं, वाफाळत होतं. बुवांनी ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं.

“तू मागनं जेव, पोरी. तिकडं वरातीसाठी एकजण कधीचा ताट घेऊन बसलाय.”